खालच्या डोलीचं निंदण

कांताबाईच्या हाताखालून गेलेल्या वावरात तणाची काडी सापडत नाही, असं तिच्या माहेरी पुलगावकडं लोक सांगत. ही गोष्ट खरी होती, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

माहेर कापसाचं. वावर दुसऱ्याचं, हात आपले. आई निंदायला जायची आणि कांता तिच्या मागं मागं. संध्याकाळी पाटील धुऱ्यावरून चालत यायचा, काठीच्या टोकानं एखादं राहिलेलं पातं दाखवायचा आणि म्हणायचा, "हे कोणासाठी ठेवलं वं, पोरीच्या मांडवाले?" बाकीच्या बाया हसायच्या. आई खाली वाकून ते पातं उपटायची आणि घरी येईपर्यंत बोलायची नाही. तण खाई धन, हे कांताबाईला कोणी शिकवलं नाही, ते तिच्या बोटात आपोआप गेलं. पुढं लग्न होऊन रायपूरला आली, सारी उमर रेल्वेच्या क्वार्टरात काढली, तरी अंगणात एक हिरवी काडी टिकू दिली नाही. शेजारीण म्हणायची, "दीदी, आपसे तो घास भी डरती है."

नवरा शामराव वॅगनच्या कारखान्यात फिटर. रिटायर झाल्यावर त्यांनी अभनपूरच्या पुढं, नहराच्या काठी थोडी धानाची जमीन घेतली आणि शेजारी दोन खोल्या बांधल्या. बापजाद्यांत कोणाच्या नावावर मातीचं ढेकूळ नव्हतं. जमीन नावावर झाली त्या दिवशी कांताबाई बांधावर बसून पदर तोंडात धरून रडली.

मग शामराव कुठल्याशा शिबिराला गेले आणि तिथून बाटूनच परत आले म्हणा. जन्मात कुंडीतल्या गुलाबाला पाणी न घातलेला माणूस, पण आता सकाळ-संध्याकाळ एकच भजन. "माती जित्ती असते कांते. युरिया टाकला का तिची भूक मरते. फवारा मारला का किड्यासंगं कोळी बी मरते, बेडूक बी मरते." शेण, गोमूत्र, गूळ, बेसन असं ड्रममध्ये कालवून ते काठीनं ढवळत बसायचे. घरात वासानं बसवत नसे. फवारा बंद, खत बंद.

दोन हंगाम गेले. बेडूक आले, खेकडे आले, चतुरांचे थवे आले, घोंघ्या, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, तर पायाखाली कुरकुर वाजू लागल्या. गावातल्या बाया बांधावरून करमत्त्याची भाजी खुडून न्यायच्या आणि "बबा के खेत म बने भाजी हे" म्हणून तारीफ करायच्या. सगळं आलं, धान तेवढं आलं नाही. त्यात खालच्या डोलीत करगा माजला. डोली म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, आणि करगा म्हणजे रानटी धान. लहानपणी हुबेहूब धानासारखा दिसतो, कोणाला ओळखू येत नाही. पुढं लोंबी आली की विळा यायच्या आधीच दाणे मातीत झाडून मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट उगवतो.

मुलगा यशदीप भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. त्याला मराठी सगळं समजायचं, पण तोंडात हिंदी. तो म्हणाला, "बाबा, बगुलों का पेट भर गया, हमारा नहीं भरा. इस साल भी ऐसा ही हुआ तो मनहरण भैया को अधिया पे दे देंगे." मनहरण साहू शेजारचा शेतकरी. पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन फिरायचा, पीक घ्यायचा, आणि ही जमीन अधियावर द्या म्हणून दोनदा विचारून गेला होता. तो कसणार आणि निम्मं धान घरपोच देणार. शामराव मान खाली घालून म्हणाले, "बरं. हा शेवटचा हंगाम."

कांताबाईनं मनात हिशेब केला. अधियावर दिलं की वावर कागदावर आपलं आणि चिखलातले पाय दुसऱ्याचे. मग रायपूरला मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून भाजीवाल्याची वाट पाहायची. हे तिला नको होतं. नकोच होतं.

नेमकी त्याच वर्षी सून अपर्णा बाळंत झाली आणि कांताबाईला पेरणीच्या आधीच रायपूरला जावं लागलं. पेरणी, मग उगवलेल्या धानात हलका नांगर फिरवायची बियासी, सगळं शामरावांनी एकट्यानं केलं. श्रावण सरत आला तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ते रायपूरला आले आणि ती गावाला निघाली. निघताना त्यांनी तिला तासभर धरून ठेवलं. गांडुळं कशी वर येतात, बांधावरचं गवत का कापायचं नाही, चतुर बसायला काड्या कुठं रोवल्यात, ड्रम कधी ढवळायचा. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "अन खालच्या डोलीत एकटी जाऊ नको. बिसाहिन येईल, तिच्यासंगं जा."

कांताबाईला ते लागलं. मले निंदण शिकवून राहिले! जन्म गेला वॅगनच्या चाकाखाली, अन आता मले म्हणते एकटी जाऊ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं मजुरीला येणारी गावातली बिसाहिन दारात आली, पण हातात विळा नव्हता. केस न्हालेले, कपाळाला मोठं कुंकू. "आज नइ आवंव दाई. खमरछठ आय." लेकरांसाठीचा उपास. त्या दिवशी गावातली कोणी बाई नांगर चाललेल्या जमिनीवर पाय ठेवत नाही आणि नांगरानं पिकलेलं काही खात नाही.

"जाय बापा," कांताबाई म्हणाली. "आमच्यात असं काही नाही." आणि कासोटा घालून एकटीच निघाली.

वरची डोली हिरवीगार होती. तिला बरं वाटलं. मग ती खालच्या डोलीच्या बांधावर आली आणि तिथंच थबकली. हिरव्या धानात जागोजाग जांभळी रोपं उभी होती. पानं जांभळी, देठ जांभळे, बुडख्याशी तर वांग्यासारखा रंग.

"अवं माय," ती मोठ्यानं म्हणाली. "लाल्या!"

माहेरी कपाशीवर लाल्या यायचा. हिरवंगार वावर बघता बघता लालसर-जांभळं व्हायचं आणि बोंडं वाळून जायची. पाटलाच्या घरात चूल पेटायची नाही, मग मजुरांच्या घरात कुठली पेटणार. ती चिखलात उतरली, एक पान तोडलं, चोळलं, वास घेतला. काही कळेना. शामरावांना फोन लावला तर बंद. आज त्यांच्या डोळ्यावर पट्टी असणार. पलीकडं मनहरण पंप घेऊन फिरताना दिसला. त्याला विचारावं? ती दोन पावलं गेली आणि थांबली. त्यानं एक नजर टाकली असती आणि म्हटलं असतं, बघा, बिना दवाईची शेती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि रात्रीपर्यंत यशदीपच्या कानावर.

फवारायचं नाही, तर रोगट तेवढं उपटून टाकायचं. दुसरं काय? पसरायच्या आत.

तिनं दिवसभर उपटलं. चिखल पोटरीपर्यंत. वाकून वाकून कंबर मोडली. पिंढरीला जळू लागली, ती तिनं तंबाखू लावून काढली. एका खेकड्यानं अंगठा धरला. तरी हात थांबले नाहीत. मुठीत बुडखा धरायचा, जरा फिरवायचा, उपटायचा, मुळं पाण्यात खळबळायची आणि जुडी बांधावर. दुपारनंतर जुडी बांधापर्यंत न्यायची ताकद उरली नाही, तेव्हा ती शेजारच्या नालीत फेकू लागली. मध्येच तिला वाटलं, रोगट म्हणावं तर मुळं किती पांढरीशुभ्र आहेत. पण एवढा विचार करायला वेळ कोणाला होता. काळा ढग वर चढत होता आणि अजून एक कोपरा बाकी होता.

संध्याकाळी ती बांधावर उभी राहिली. डोली एकसारखी हिरवी. एक जांभळं पातं नाही. कोणीही येऊन काठीनं दाखवावं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं यशदीपला फोन लावला. "बाबाले सांग, खालची डोली साफ केली म्हणा. एकटीनं. काळजी नको करा."

सकाळी बिसाहिन आली. उपासानं चेहरा जरा उतरलेला होता, पण बोलणं चालू होतं. नातवाला काय खाऊ घातलं, कोणाच्या अंगणात पूजा झाली. बोलत बोलतच बांधावरच्या जुड्यांपाशी आली. तिनं एक जुडी उचलली. रात्रीच्या हवेतही ती मलूल पडली होती.

"ये का ए दाई?"

"लाल्या. कपाशीवर येते ना, तसा. सारा काढला."

बिसाहिन खाली बसली. "दाई, येच तो धान आय."

कांताबाईला आधी समजलंच नाही. "हे जांभळं?"

"हव. बबा बैगनी पत्ता वाला बीजा बोय रिहिस. ओमा करगा हरियर दिखथे. हरियर ला निंदना रिहिस, दाई."

आता तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. करगा हिरवा, धानही हिरवं, म्हणून ओळखू येत नाही. तर जांभळ्या पानाचं धान पेरायचं. मग जे हिरवं ते चोर, जे जांभळं ते आपलं. डोळे झाकूनही निंदता येईल. आणि तिनं डोळे उघडे ठेवून आपलं सगळं उपटून टाकलं होतं, चोरांना राखून.

"मंग मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"सब्बो झन जानथें," बिसाहिन म्हणाली. सगळ्यांना माहीत असतं, ते सांगायचं कशाला?

कांताबाई डोलीकडं पाहत राहिली. काल तिला जे डौलात उभं दिसत होतं तेच आज तिच्याकडं बघून दात काढत होतं. की नव्हतं? तिला आता कशाचीच खात्री वाटेना. "हे सारं हिरवं करगाच हाय?"

बिसाहिननं एक रोप बुडाशी धरून निरखलं, दुसरं निरखलं, मग पहिल्याकडं परत आली. "मागच्या साली जो धान झड़िस, ओ भी जामे होही. कोन जानी दाई. बाली आही, तब पता चलही."

म्हणजे यातलं थोडं धानही असेल. किती, कोणतं, ते लोंबी येईपर्यंत देवालाही माहीत नाही, आणि कांताबाई देव मानत नव्हती.

ती रडली नाही. तिला लाज इतकी वाटत होती की रडायलाही जागा नव्हती. ती उठली आणि नालीत उतरली. नालीतल्या जुड्या पाण्यात होत्या, त्यांची मुळं ओली, पानं ताठ. दोघींनी त्या बाहेर काढल्या. बियासी झाल्यावर दाट रोपं काढून विरळ जागी लावायचा रिवाज इथं आहेच. तसंच लावायचं. पण जागा करायला हिरवं काढावं लागणार, आणि हिरव्यातलं कोणतं काढायचं, इथंच घोडं अडायचं. बिसाहिन एक रोप उपटायची, दुसऱ्यापाशी थांबायची, मान हलवून सोडून द्यायची. कांताबाईची बोटं पुढं जायची आणि तिथंच राहायची. तिला आईच्या मागं चिखलात उभी राहिल्यासारखं वाटत होतं. हे वावर तिचं होतं, तरी हात पाटलाच्याच वावरात काम करत होते, आणि हे तिला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

दुपारी बिसाहिननं बांधावरची करमत्त्याची भाजी खुडली आणि पदरात बांधली. "हे बी तण न वं?" कांताबाईनं विचारलं.

"तोर बर तण दाई, मोर बर भाजी," बिसाहिन म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. कांताबाईनंही मूठभर खुडून घेतली. आता तण कशाला म्हणायचं आणि धन कशाला, हेच तिला समजेनासं झालं होतं.

लावलेल्यातली निम्मी रोपं जगली. बाकीची पिवळी पडून आडवी झाली. एवढ्यात रविवारी यशदीप शामरावांना घेऊन आला. शामरावांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. त्या चष्म्यातून त्यांना सगळं एकाच रंगाचं दिसत होतं, हे एक बरं होतं.

"कांते, जांभळं कसं दिसून राहिलं?" बांधावर उभं राहून त्यांनी हौसेनं विचारलं. "म्या तुले मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं पाहशीन तं चकित होशीन."

"चकित झाली," कांताबाई म्हणाली. "सारं उपटलं म्या. लाल्या समजून."

शामरावांनी चष्मा काढला. डोळे लाल, पाणी येत होतं. ते डोलीकडं पाहत राहिले आणि मग एकदम ओरडले, "तुले म्हटलं नव्हतं एकटी जाऊ नको म्हणून?"

"काहून जाऊ नको ते सांगितलं?" तिचाही आवाज चढला. "गांडुळाची सोयरीक सांगितली, बेडकाचं बारसं सांगितलं, चतुराले बसाले पिढा कुठी मांडला ते सांगितलं. अन आपलं धान जांभळं हाय, एवढं सांगाले जीभ झडली? चकित करते म्हणे! मी का नवी नवरी हाय?"

बिसाहिन तोंड फिरवून हसली. शामराव बांधावर बसले. जरा वेळानं हळू आवाजात म्हणाले, "चूक माही बी हाय." त्यांचा चेहरा उतरलेला पाहून कांताबाईचा राग ओसरला, आणि त्यामुळं तिला जास्तच वाईट वाटलं.

यशदीपनं दोघांकडं पाहिलं. "बस, हो गया. बाबा ने जबान दी थी. मैं मनहरण भैया को बुला रहा हूँ."

कांताबाईनं एक ढेकूळ उचललं आणि हातात धरून बसली. दोन वर्षांपूर्वी ही पिवळी माती दगडासारखी असायची. आता बोटानं दाबली की सुटत होती. आतून एक गांडूळ निघालं, तिच्या तळव्यावरून घरंगळलं आणि गवतात गेलं. मातीचं चांगलंच झालं होतं, यात शंका नव्हती. फक्त तिच्यात उभं राहायला धान उरलं नव्हतं. याला हरणं म्हणायचं की जिंकणं, तिला उमगेना.

मनहरण आला. मोठ्या माणसासारखा आधी राम-राम, डोळ्याची विचारपूस. मग एकटाच बांधावरून खालच्या डोलीच्या चारी बाजू फिरला. एक रोप उपटलं, बुडखा सोलून पाहिला, फेकलं. दुसरं उपटलं. मग बांधावर वाळत पडलेल्या जुड्यांपाशी थांबला आणि खो खो हसू लागला. "बैगनी ला कोन निंदथे दाई?"

कांताबाईनं खाली मान घातली.

"भैया, आप ले लो अब," यशदीप म्हणाला. "अगले साल से आपका. जो दवाई डालनी है डालो."

मनहरणचं हसू थांबलं. त्यानं मान हलवली. "नइ बनय भैया."

"क्यों? आप तो कब से माँग रहे थे!"

"तब मांगत रेहेंव. अब तो पूरा करगा हो गे." मग यशदीपला नीट कळावं म्हणून तो हिंदीत आला. "करगे की दवाई नहीं होती. करगा भी धान है, धान का सगा भाई. जो दवाई इसको मारेगी वो धान को भी मारेगी. इस बार दाना झड़ेगा, पानी के साथ बहेगा. मैं तो अपनी मेड़ ऊँची करने वाला हूँ. हाथ से निंदवाओ दो-तीन साल, बैगनी बोओ, फिर बात करेंगे." त्यानं पंप पाठीवर नीट केला, शामरावांना डोळे सांभाळा म्हणून सांगितलं आणि गेला. त्याच दुपारी त्यानं खरोखरच दोन्ही शेतांमधल्या बांधावर माती टाकायला माणसं लावली.

यशदीप मोबाईल हातात धरून उभा होता. आता कोणाला फोन लावायचा, ते त्याला सुचत नव्हतं.

"मनजे," कांताबाईनं सावकाश विचारलं, "वावर आपल्याचकडं राह्यते?"

"और कौन लेगा इसको, आई?"

कांताबाईला हसू फुटलं. ते दाबावं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला, तर डोळ्यांतून पाणी आलं. तिनं वावर बुडवलं होतं म्हणूनच वावर वाचलं होतं. आनंद झाला तर त्याची लाज, आणि लाज वाटली तर त्याच्या आत आनंद. शामराव काळ्या चष्म्यातून तिच्याकडं पाहत होते, त्यांनाही समजत नव्हतं की ही रडते आहे की हसते आहे. "काय झालं वं?" त्यांनी विचारलं.

"मले नाई माहीत," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

मग ती उठली. पदर खोचला. "यशदीप, पँट वर कर अन उतर खाली."

"मैं? आई, मुझे क्या आता है..."

"मले बी नाई येत. उतर."

पोट्टा बूट काढून चिखलात उतरला. पहिल्याच पावलाला घोटा आत गेला, तसा "अरे यार" म्हणून ओरडला. बेडूक टणाटण उड्या मारत पळाले. कांताबाई त्याच्या एका बाजूला, बिसाहिन दुसऱ्या बाजूला. बांधावरून शामराव सूचना देऊ लागले, तेव्हा तिघांनीही त्यांना गप्प बसवलं. जरा वेळ नुसता पाण्याचा डुबुक डुबुक आवाज येत राहिला. मग यशदीपनं एक रोप मुळासकट उपटून वर धरलं. पांढऱ्या मुळांवरून चिखल त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होता.

"आई, ये धान है कि करगा?"

कांताबाईनं ते हातात घेतलं. पान चोळून पाहिलं, बुडखा सोलून पाहिला. बिसाहिनकडं पाहिलं, तर तिनं नुसते खांदे उडवले. शामराव बांधावरून मान लांब करून पाहत होते, पण त्यांना तर रंगही दिसत नव्हता.

"परत लाव," कांताबाई म्हणाली. "लोंबी येऊ दे, मंग पाहू."